लाल तेलाची वंशावळ

"साहेब, ऑटोमॅटिकचं ऑइल लालच असतं. कंपनी कुठलीही असू दे, काही फरक पडत नाही."

२०१० सालची एक सेकंडहँड आय-टेन ऑटोमॅटिक घरी आणली, तेव्हा गॅरेजमध्ये ऐकलेलं हे वाक्य. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. पॉवर स्टिअरिंगसाठी आणलेला डेक्सरॉनचा डबा कोपऱ्यात होता, त्यातलंच तेल गिअरबॉक्समध्ये गेलं. पहिले काही दिवस गाडी ठीक चालली. मग ताशी साठच्या आसपास, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय हलका असताना, एक बारीक थरथर जाणवू लागली. टोलनाक्याआधी रस्त्यावर आडवे पांढरे पट्टे असतात ना, त्यांवरून गाडी गेल्यासारखी. इंजिनाचे माउंटिंग तपासले, चाकं बॅलन्स केली, प्लग बदलले. थरथर तिथंच. शेवटी एका जुन्या जाणत्या मेकॅनिकनं गाडी न बघता आधी मागचं बिल मागितलं. त्यावरचं तेलाचं नाव वाचलं आणि म्हणाला, "हिला एसपी-थ्री लागतं. हे तेल हिचं नाही."

तीन वेळा तेल काढून योग्य तेल भरल्यावर थरथर गेली. माझं नशीब, क्लच प्लेट जळायच्या आत कळलं. ‘हे तेल हिचं नाही’ या चार शब्दांत या प्रकरणाचा सगळा विषय आला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल, म्हणजे एटीएफ, हे वंगण म्हणून विकलं जातं. खरं तर तो गिअरबॉक्सचा एक सुटा भाग आहे, फक्त तो पातळ आहे. दुसऱ्या गाडीचा बेअरिंग आपण ‘दिसतो तसाच आहे’ म्हणून बसवत नाही. तेलाच्या बाबतीत मात्र रंग बघून समाधान मानतो.

आधी रंगाचंच सांगतो. एटीएफचा लाल रंग हा केवळ रंग आहे. गाडीखाली थेंब पडला तर तो इंजिन ऑइलचा की गिअरबॉक्सचा हे ओळखता यावं, एवढाच त्याचा उपयोग. तेलाच्या गुणधर्माशी त्याचा काही संबंध नाही. झेडएफ या जर्मन कंपनीच्या आठ गिअरच्या गिअरबॉक्सचं तेल हिरवं असतं, मर्सिडीजच्या एका नव्या तेलाचा रंग निळा आहे. आणि एकमेकांशी अजिबात न जुळणारी डझनभर तेलं एकसारखी लालभडक असतात.

आता हे तेल करतं काय ते पाहू. गिअरच्या दात्यांना आणि बेअरिंगना ते वंगण देतं, उष्णता वाहून नेतं. हे कुठलंही तेल करील. पण ऑटोमॅटिकमध्ये याच तेलातून इंजिनाची शक्ती चाकांकडे जाते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाकडची पाती तेलाला भिरकावतात आणि तेलाच्या त्या माऱ्यानं समोरची पाती फिरतात. याच तेलाच्या दाबानं आतले क्लच मिटतात आणि उघडतात, म्हणजे गिअर बदलतात. हे क्लच कोरडे नसतात. स्टीलच्या चकत्या आणि कागदासारख्या तंतुमय अस्तराच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या, आणि सगळ्या तेलात बुडालेल्या.

पेच इथंच आहे. दात्यांसाठी तेल निसरडं हवं, आणि क्लचसाठी तेच तेल पकड देणारं हवं. एकाच द्रवाकडून दोन उलट्या अपेक्षा. आणि क्लचची पकड किती हवी, एवढंच सांगूनही भागत नाही. ती कोणत्या क्षणी किती हवी, हेही ठरवावं लागतं.

घरातलं लोखंडी कपाट सरकवताना काय होतं ते आठवा. सुरुवातीला ते जागचं हलत नाही, आपण जोर वाढवत नेतो. मग एकदम सुटतं आणि त्यानंतर तुलनेनं सहज सरकत जातं. थांबलेल्या पृष्ठभागांमधलं घर्षण हे सरकत्या पृष्ठभागांमधल्या घर्षणापेक्षा जास्त असतं, त्याचा हा परिणाम. क्लचमध्ये हे उलट क्रमानं घडतं. चकत्या एकमेकींवर घसरत घसरत शेवटी एका गतीला येतात. शेवटच्या क्षणी पकड एकदम वाढली तर गाडीला धक्का बसतो. म्हणून तेलात घर्षण बदलणारी रसायनं घालतात. कॅरम बोर्डावर बोरिक पावडर टाकल्यावर सोंगटीची चाल बदलते, तसं हे काम. या रसायनांचे रेणू धातूच्या आणि अस्तराच्या पृष्ठभागावर चिकटून बसतात आणि गती शून्याकडे जाताना पकड वाढू देत नाहीत. धक्का जातो, गिअर लोण्यासारखा पडतो.

मग ही पावडर जितकी जास्त तितकं चांगलं, असंही नाही. पकड कमी झाली की क्लच मिटायला वेळ लागतो, चकत्या जास्त काळ घसरतात, तापतात आणि अस्तर जळतं. म्हणजे गिअरबॉक्सचा रचनाकार आधी ठरवतो की चकत्या किती, अस्तर कुठलं, दाब किती आणि तेलाचं घर्षण कसं. या चारही गोष्टी एकमेकींवर बेतलेल्या असतात. नंतर आपण त्यातली एक बदलली तर उरलेल्या तिघी जुन्याच हिशेबानं चालत राहतात.

हे सगळ्यात स्पष्ट दिसलं अमेरिकेत, १९६७ साली. त्याची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. जनरल मोटर्सनं, म्हणजे जीएमनं, १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रा-मॅटिक नावाचा पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स दिला. मोठ्या संख्येनं विकला गेलेला हा पहिलाच. १९४९ मध्ये कंपनीनं त्याच्या तेलाचं प्रमाण ठरवून दिलं. त्याचं नाव ‘टाइप ए’. १९५७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. मुंबईच्या विंटेज गाड्यांच्या फेरीत आजही एखादी साठच्या दशकातली इम्पाला दिसते. तिच्यात दोन गिअरचा पॉवरग्लाइड असेल, तर तिचा जन्म या टाइप ए घराण्यातला.

१९६७ मध्ये जीएमनं टाइप एच्या जागी ‘डेक्सरॉन’ आणलं, भरपूर घर्षणबदलक असलेलं, गिअर मऊ पडावेत म्हणून. त्याच वर्षी फोर्डनं ‘टाइप एफ’ आणलं, घर्षणबदलकाशिवाय. फोर्डचं म्हणणं असं की क्लचनं कमी वेळात, करकचून धरावं. प्रवाशाला थोडा धक्का बसला तरी चालेल. दोन्ही तेलं लाल. दोन्हींचा जाडपणाही साधारण सारखा. पण टाइप एफच्या गिअरबॉक्समध्ये डेक्सरॉन घातलं तर क्लच लांबवर घसरतो आणि जळतो. डेक्सरॉनच्या गिअरबॉक्समध्ये टाइप एफ घातलं तर प्रत्येक गिअरला हिसका बसतो. दोघांत चांगलं कोण, हा प्रश्नच चुकीचा आहे. ज्याच्या त्याच्या घरी दोघंही उत्तम. फोर्डनं पुढं वाट बदलली आणि १९८७ मध्ये डेक्सरॉनच्या जवळ जाणारं ‘मर्कॉन’ आणलं. पण साठ-सत्तरच्या दशकांतल्या फोर्डच्या ज्या गिअरबॉक्सवर टाइप एफ लिहिलंय, त्यांना ते आजही लागतं, आणि आजही मिळतं.

या इतिहासात एक देवमासाही आहे. टाइप ए आणि सुरुवातीच्या डेक्सरॉनमध्ये घर्षणबदलक म्हणून स्पर्म व्हेलचं तेल वापरत. या प्राण्याच्या डोक्यात आणि चरबीत जे तेल असतं, ते रसायनदृष्ट्या द्रवरूप मेण आहे. आपल्या खोबरेल-करडईच्या तेलांसारखं नाही. उष्णता आणि दाब सोसून धातूवर टिकून राहण्याचा त्याचा गुण विलक्षण. १९७० मध्ये अमेरिकेनं स्पर्म व्हेलला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि त्यानंतरच्या कायद्यांनी हे तेल बाजारातून गेलं. अतिशय योग्य निर्णय होता तो. गाड्यांच्या सोयीसाठी एक प्राणी संपवणं कुणालाही मान्य होऊ नये. पण रसायनशास्त्रज्ञांपुढं अचानक पेच उभा राहिला. जोजोबा या वाळवंटी झुडपाच्या बियांतलं तेलही असंच द्रव मेण असतं, म्हणून त्यावर बराच अभ्यास झाला. शेवटी प्रयोगशाळेत बनवलेली रसायनं घेऊन डेक्सरॉन-टू आलं. त्याच्या पहिल्या आवृत्तीनं तेल थंड करणाऱ्या कूलरच्या झाळकामाला गंज चढतो असं दिसलं, म्हणून ती दुरुस्त करून पुढची काढावी लागली. एक घटक बदलला आणि तेलाशी संबंध नाही असं वाटणारा भाग बिघडला. ‘काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यांना मी ही हकिगत नेहमी सांगतो.

तरीही सत्तर-ऐंशीच्या दशकांत जग सोपं होतं. अमेरिकन, युरोपियन, जपानी, बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत ‘डेक्सरॉन-टू’ एवढंच लिहिलेलं असे. गुंता वाढला तो इंधन वाचवण्याच्या धडपडीतून. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेलातून शक्ती जाताना थोडी वाया जाते. म्हणून त्याच्या आतच एक छोटा क्लच बसवला. गाडी वेगात आली की तो मिटतो आणि इंजिन गिअरबॉक्सला थेट जोडलं जातं. याला लॉकअप म्हणतात. नव्वदच्या दशकात जपानी कंपन्यांनी पुढची पायरी गाठली. हा क्लच पूर्ण न मिटवता किंचित घसरता ठेवायचा, म्हणजे कमी वेगातही तो वापरता येतो. किलोमीटर न् किलोमीटर सतत घसरत राहणारा क्लच! त्याला असं तेल हवं की घसरण्याची गती किंचित वाढली तर घर्षणही किंचित वाढावं. उलट झालं तर तो धरतो-सोडतो, धरतो-सोडतो. फळ्यावर खडू किंचाळतो किंवा दाराची बिजागरी कुरकुरते, तसंच. माझ्या आय-टेनची थरथर हीच होती.

ही गरज प्रत्येक कंपनीनं आपापल्या तेलानं भागवली. टोयोटाचं टाइप टी-फोर, होंडाचं झेड-वन, निसानची मॅटिक मालिका, मित्सुबिशीचं एसपी-टू आणि एसपी-थ्री, क्रायस्लरचं एटीएफ-प्लस. तेलाच्या नावावरून गिअरबॉक्सचं माहेरही कळतं. ह्युंदाईच्या गाड्यांत एसपी-थ्री का? कारण ह्युंदाईचे सुरुवातीचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मित्सुबिशीच्या तंत्रावर उभे राहिले. टोयोटाचं टी-फोर जपानच्या आयसिन या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीच्या ‘जेडब्ल्यूएस ३३०९’ या प्रमाणाशी जुळतं. आयसिनचे गिअरबॉक्स व्होल्वोसह अनेक युरोपियन गाड्यांतही गेले, म्हणून त्यांनाही याच घराण्याचं तेल लागतं. बोनेटवर नाव कुणाचंही असो, आत गिअरबॉक्स कुणाचा आहे ते आधी शोधावं.

सवलत घेतली की काय होतं, याचा धडा क्रायस्लरनं १९८९ नंतर शिकला. अल्ट्राड्राइव्ह या नव्या चार गिअरच्या गिअरबॉक्सला कंपनीचं खास तेल लागत होतं. पण ते मिळालं नाही तर डेक्सरॉन चालेल, अशी मोकळीक दिली गेली. गॅरेजवाल्यांनी ती सर्रास घेतली, आणि लॉकअपच्या थरथरीच्या तक्रारी सुरू झाल्या. ‘तात्पुरतं चालेल’ हे शब्द गॅरेजमध्ये ‘कायम चालेल’ असेच वाचले जातात.

आता तुमच्या दारातल्या गाडीकडे वळू. सगळ्यात आधी तुमची ‘ऑटोमॅटिक’ खरंच या अर्थानं ऑटोमॅटिक आहे का ते पाहा. २०१४ च्या सेलेरिओपासून आपल्याकडे पसरलेल्या एएमटी गाड्यांत आतला गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच असतो. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. त्याला साधं गिअर ऑइल लागतं, आणि त्या यंत्राचं हायड्रॉलिक तेल वेगळं. सीव्हीटीमध्ये पोलादी पट्टा दोन पुल्यांमध्ये आवळलेला असतो. तिथं धातूवर धातूची पकड हवी, म्हणून त्याचं तेल स्वतंत्र. होंडा सिटीची १९९८ ची पहिली पिढी साध्या ऑटोमॅटिकची आणि २००३ ची दुसरी पिढी सीव्हीटीची. ‘सिटीचं ऑइल द्या’ असं काउंटरवर म्हणून चालणार नाही, ते यामुळे.

मग गाडीची पुस्तिका काढा. सेकंडहँड गाडीबरोबर ती बहुधा येत नाही, पण बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिका आता इंटरनेटवर मिळतात. शेवटच्या पानांत कुठलं तेल किती लिटर याचा तक्ता असतो. काही गाड्यांत गिअरबॉक्सच्या गेजवरही, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवर, तेलाचं नाव कोरलेलं असतं. जे नाव सापडेल ते अक्षरन् अक्षर लिहून घ्या. एसपी-थ्री आणि एसपी-फोर ही दोन वेगळी तेलं आहेत; एका अंकाचा फरक म्हणजे वेगळा जाडपणा, वेगळं घर्षण.

ते नाव आजही बाजारात असेल तर विषय संपला. गाडीच्या कंपनीच्या अधिकृत काउंटरवरून सीलबंद डबा घ्या. बाहेरच्या तेलापेक्षा लिटरमागं काही शे रुपये जास्त पडतील. गिअरबॉक्स उघडायचा खर्च एकदा विचारून बघा, मग हे पैसे महाग वाटणार नाहीत. ड्रममधून सुटं ऑइल देणाऱ्याकडून एटीएफ कधीच घेऊ नये. ते काय आहे हे रंगावरून, वासावरून, बोटावर घेऊन कुणालाही सांगता येत नाही.

अडचण येते ती नाव बंद झालेलं असेल तेव्हा. इथं वंशावळ कामाला येते, कारण प्रत्येक वारस जुन्या घराची जबाबदारी घेतोच असं नाही. होंडानं झेड-वन बंद करून डीडब्ल्यू-वन आणलं आणि जुन्या गाड्यांना तेच वापरा असं स्वतः सांगितलं; तिथं निःशंक राहावं. क्रायस्लरचं आजचं एटीएफ-प्लस-फोर मागच्या एटीएफ-प्लस तेलांच्या जागी चालतं. टोयोटाचं उलट आहे. टी-फोरनंतर आलेलं डब्ल्यूएस हे बरंच पातळ तेल आहे आणि टी-फोरच्या जागी ते वापरू नये, असं कंपनीच सांगते. ‘नवीन ते चांगलं’ या समजुतीनं जुन्या कोरोलात डब्ल्यूएस भरणारे मी पाहिलेत. टी-फोर अजून मिळतं, मग हा धोका कशासाठी पत्करायचा?

डेक्सरॉनची गोष्ट यापेक्षा नाजूक. डेक्सरॉन-थ्री १९९३-९४ च्या सुमारास आलं, २००५ मध्ये डेक्सरॉन-सिक्स आलं, आणि २००६ च्या अखेरीस जीएमनं थ्रीचे परवाने देणं थांबवलं. याचा अर्थ असा की आज ज्या डब्यावर ‘डेक्सरॉन-थ्री’ लिहिलंय, त्यामागं जीएमची तपासणी नाही. तेल बनवणारी कंपनी स्वतःच्या भरवशावर ते म्हणते आहे. चांगली कंपनी असेल तर तो भरवसा पुरेसा असतो. अनोळखी नावाच्या डब्यावर नसतो. डेक्सरॉन-सिक्स जुन्या सगळ्या डेक्सरॉनच्या जागी चालेल असं जीएम म्हणते. ते तेल मुळात पातळ आहे. १०० अंश सेल्सियसला त्याची श्यानता ६.४ सेंटिस्टोकपेक्षा जास्त नसते, तर थ्रीची सातच्या वर. कंपनीचा युक्तिवाद असा की थ्री वापरात लवकर पातळ होतं, सिक्स शेवटपर्यंत आहे तसं राहतं. युक्तिवाद खरा आहे. पण जीएमचं हे आश्वासन जीएमच्या गिअरबॉक्सपुरतं आहे, हे विसरू नये. पुस्तिकेत डेक्सरॉन-टू किंवा थ्री लिहिलेली जुनी जपानी गाडी असेल, किंवा सील आणि पंप झिजलेली साठ वर्षांची इम्पाला असेल, तर नामवंत कंपनीचं थ्री दर्जाचं तेल भरावं, असं माझं मत आहे.

राहिली ‘सगळ्या गाड्यांना चालणारी’ तेलं. डब्याच्या मागं तीस-चाळीस नावांची यादी असते. ही तेलं वाईट नाहीत. अनेक प्रमाणांच्या मधोमध साधलेली ती तडजोड असते, आणि मूळ तेल मिळतच नसेल तेव्हा ती उपयोगी पडते. फक्त शब्द नीट वाचा. ‘मान्यताप्राप्त’ म्हणजे गाडी किंवा गिअरबॉक्स बनवणाऱ्यानं तपासलं. ‘साठी उपयुक्त’ म्हणजे तेल विकणाऱ्याला तसं वाटतं. आणि ज्या यादीत टाइप एफ आणि डेक्सरॉन दोन्ही शेजारी-शेजारी असतील, तो डबा परत ठेवून द्या. त्या दोघांच्या मागण्या एका तेलात कशा बसणार, ते आपण पाहिलंच. ‘सिंथेटिक आहे’ एवढ्यावरही भुलू नका. सिंथेटिक तेल उष्णतेत जास्त टिकतं, पण थरथर होणार की नाही हे ठरवतात त्यातली घर्षणाची रसायनं.

उष्णतेचा मुद्दा आपल्यासाठी फार मोलाचा. मे महिन्यात मुंबईच्या कोंडीत तासभर सरपटणारी किंवा भरल्या सामानानं खंबाटकी घाट चढणारी गाडी तेलाला भाजून काढते. ८० अंशांच्या वर दर दहा-अकरा अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं, हा या धंद्यातला जुना ढोबळ नियम. ‘आयुष्यभर बदलावं लागत नाही’ असं सांगून विकलेल्या गिअरबॉक्सबद्दलही खुद्द झेडएफ ही निर्माती कंपनी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदला असं सांगते. आपल्या हवेत आणि रहदारीत मी ६० हजारांच्या पुढं जाणार नाही.

बदलताना एक हिशेब लक्षात ठेवा. खालचा बोल्ट उघडला की सगळं तेल येत नाही. बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. समजा एकूण ६ लिटर आहे आणि अडीच लिटर निघालं. तेवढं नवं तेल भरल्यावर आत ५८ टक्के जुनंच असतं. थोडी गाडी चालवून पुन्हा केलं तर ३४ टक्के, तिसऱ्यांदा २० टक्के. चुकीचं तेल पडलं असेल तर एकदा बदलून का भागत नाही, ते यातून कळेल. मशीन लावून दाबानं सगळं एकदम धुऊन काढण्यापेक्षा जुन्या गाडीला हा सावकाश मार्ग बरा. चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं, उघडलाच तर फिल्टर बदला आणि आतल्या चुंबकाकडे बघा. करडा, मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे धातूचे कण असतील तर दुखणं तेलाच्या पलीकडचं आहे.

‘इतकी वर्षं बदललं नाही, आता बदललं तर गिअरबॉक्स जाईल’ ही भीती अनेकांना असते. ती अगदीच निराधार नाही. अस्तर झिजून संपलेलं असेल, तर जुन्या तेलात तरंगणारा त्याचा चुरा थोडी पकड देत असतो. नव्या स्वच्छ तेलात तीही जाते. पण अशी गाडी आधीपासूनच घसरत असते, गिअर टाकल्यावर उशिरा हलते, तेलाला करपल्याचा वास असतो. यातलं काही नसेल आणि तेल फक्त तपकिरी झालं असेल, तर बिनधास्त बदला. तेल गुलाबी दुधासारखं दिसलं तर मात्र त्यात पाणी आहे. रेडिएटरमधला कूलर फुटला असेल, किंवा गाडी कधीतरी पुरात उभी राहिली असेल. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत अशा कितीतरी गाड्या विकल्या-घेतल्या गेल्या. पाण्यानं क्लचचं अस्तर सुटून येतं. अशा गाडीचा व्यवहार तिथंच थांबवावा.

पातळी तपासायची रीतही गाडीगणिक वेगळी. बहुतेक गाड्यांत इंजिन गरम, चालू आणि लिव्हर ‘पी’मध्ये, जुन्या क्रायस्लरमध्ये ‘एन’मध्ये, होंडात गाडी गरम करून, इंजिन बंद केल्यावर लगेच, दीड मिनिटाच्या आत. तेल कमी पडलं तर दाब पडतो. जास्त झालं तर फिरते भाग ते घुसळून फेस करतात, आणि फेसातल्या हवेला दाब धरता येत नाही. म्हणून ‘थोडं जास्तच घाल’ असं मेकॅनिकला सांगू नका.

माझ्या गाडीच्या बोनेटच्या आतल्या बाजूला आता एक पांढरा स्टिकर आहे. त्यावर तेलाचं पूर्ण नाव, किती लिटर भरलं, तारीख आणि किलोमीटर. गाडी उद्या दुसऱ्याच्या हाती गेली किंवा घाटात बंद पडून अनोळखी गॅरेजमध्ये गेली, तरी बोनेट उघडणाऱ्याला ते नाव पहिल्यांदा दिसेल. तुमच्या गाडीचं तेल कुठलं ते या रविवारी शोधून काढा आणि असा एक स्टिकर लावून ठेवा.